एक वाटी, रोज तेवढीच

लग्नाच्या पंगतीत बसलं की आमच्या आत्यांच्या पिशवीतून सगळ्यात आधी एक स्टीलची वाटी बाहेर यायची. काठाला पोचा आलेली, बुडाशी त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव कोरलेली. ती त्यांच्या स्वतःसाठी नसायची. वाढपी पालेभाजी घेऊन आला की त्या त्याचं मनगट धरायच्या आणि सांगायच्या, "हिच्या पानात पळी सोडू नगंस. या वाटीत घाल. काठापतुर. वर शीग नगं." वाढपी माझ्याकडे बघायचा, शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणारी चांगली थोराड बाई, मान खाली घालून पापडाचे तुकडे करत बसायचे. मंगल कार्यालयात पालक पनीर असलं तर आणखी कठीण. त्यातला पालक किती आणि पनीर किती, याची चौकशी आत्या थेट आचाऱ्याकडे जाऊन करत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वेल्ह्याकडच्या गावातून त्या आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे भोरला आल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. स्टँडच्या मागच्या आमच्या आळीत त्यांना सगळे 'वाटीवाल्या आत्या' म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. आज कुणी त्या नावानं हाक मारली तर मी धावत दारात जाईन, पण आता मारणार कोण आणि कुणाला.

या वाटीचं मूळ माझ्या छातीत आहे. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. हे मला तिशीला टेकल्यावर, जिना चढताना दम लागायला लागल्यावर कळलं. पुण्यात ऑपरेशन झालं, धातूची झडप बसवली आणि तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची मागे लागली. विश्रांतीला मला गावी नेलं तेव्हा आषाढ लागला होता. पावसाळ्यात प्रत्येक रानभाजी एकदा तरी पोटात गेलीच पाहिजे, हा तिथल्या बायकांचा नियम. त्यातून ऑपरेशन झालेली सून घरी आलेली. मग काय, रोज कुणी ना कुणी पदराखाली झाकून भाजी आणायचं. कुर्डू झाली, टाकळा झाला, भारंगी झाली, चिवळ झाली. भोरच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मिळालेला एक छापील कागद माझ्याजवळ होता, 'हृदयासाठी भरपूर हिरव्या पालेभाज्या खा' असा. तो मी सगळ्यांना वाचून दाखवला आणि दोन्ही वेळा ताटभर भाजी खाल्ली.

तीन आठवड्यांनी त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर रक्त तपासायला गेलो तर डॉक्टरांचा चेहराच बदलला. रक्त घट्ट झालं होतं. या गोळीचं आणि पालेभाजीचं पटत नाही, भाजी वाढली की गोळीचा जोर कमी होतो, आणखी थोडे दिवस गेले असते तर झडपेवर गुठळी धरली असती, असं त्यांनी सांगितलं. मी तो छापील कागद पुढे केला. ते म्हणाले, "हे बरोबर आहे, पण तुमच्यासाठी नाही. तुम्ही भाजी बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. रोज सारखी खायची." आत्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, त्याची चार पदरी घडी केली आणि कनवटीला लावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "खालचा कागद समद्यांचा हाय. वरचा डॉक्टर तुझ्या एकटीचा. आपुन वरच्याचं ऐकायचं." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी पदवी आहे, तीही चांगल्या गुणांची.

त्यानंतर त्या वाटी घेऊन भोरला आल्या. शिजलेली पालेभाजी रोज दुपारी एक वाटी, ना कमी ना जास्त. मला ताप असो, घरात पाहुणे असोत, मी रुसलेली असो, वाटी चुकली नाही. माहेरी आंबवड्याला निघाले तर वाटी माझ्या पर्समध्ये जायची आणि माझ्या आईला फोन जायचा. गावाहून एसटीनं रानभाजीचं गाठोडं आलं तर आधी डॉक्टरांकडे. एकदा तर त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर पाच जुड्या मांडल्या आणि विचारलं, "यातली कुठली हिला चालंल ते सांगा. नावं म्या सांगते." डॉक्टर शहरातले, त्यांनी एकेक पान हुंगून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मला मेथीशिवाय काही ओळखता येत नाही. "मग मेथीच खाईल ती," आत्या म्हणाल्या आणि जुड्या पुन्हा बांधल्या. बाहेर रांगेतले लोक हसत होते. माझा रिपोर्ट मात्र महिन्यामागून महिने सारखा येत राहिला.

बायका बोलायच्या. सासू सुनेला भाजीसुद्धा मोजून घालते, असं आळीतल्या एकीनं माझ्यासमोरच म्हटलं. मला राग आला तो तिचा नाही, आत्यांचा. घरी येऊन मी फणकारले, "माझं हसं करून ठेवलंय तुम्ही." आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हसू दे की. हसणाऱ्यांच्या छातीत लोखंड न्हाई बसवलेलं," एवढंच म्हणाल्या. झडप लोखंडाची नसते, हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं.

हे सगळं माझ्या ताटाचं. त्यांच्या ताटाकडे कुणी बघितलं होतं? मी तर नाहीच. त्या सगळ्यांच्या मागून जेवायच्या, ओट्यापाशी उभ्यानंच. भाकरी, मिरचीचा खर्डा आणि तव्यावर भाजलेला सुका बोंबील. वर लोणच्याचा खार. मीठ त्यांना वरून लागायचं, तेही खडेमीठ, भाकरीच्या कडेला टेकवून. त्यांना रक्तदाब होता. त्याला त्या 'गरम होणं' म्हणत आणि गरम झाल्यासारखं वाटलं तरच गोळी घेत. माझी गोळी कधी चुकली नाही म्हणून मी निश्चिंत होते. एका घरात दोन हृदयं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी त्यांचे पाय सुजायला लागले. पैंजणाच्या जागी खोल वळ उठायचा. "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन व्हतं," त्या म्हणायच्या. मग उताणं झोपलं की दम लागायला लागला, तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतःचा टेम्पो थांबवून त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. हृदय थकलंय, रक्त ढकलण्याची त्याची ताकद निम्म्यावर आलीय आणि मूत्रपिंडंही थकलीत, असं निघालं. आठ दिवस ठेवून घेतलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ जवळजवळ बंद, पाणी दिवसाला सव्वा लिटर आणि दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी. एक जाडजूड फाईल दिली. ती मी कपाटात ठेवली. ऑफिसात मी मुलांचे फॉर्म तपासते. एक सही राहिली तरी परत पाठवते, मूल रडलं तरी परत पाठवते. ती फाईल मी उघडली ती फक्त गोळ्यांच्या वेळा बघायला.

घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला, त्यांचा आणि माझाही. बिनमिठाचं त्यांच्या घशाखाली उतरेना. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्या भिडेखातर खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. मी लिंबू पिळलं, आमसूल घातलं, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, आलं किसून घातलं. "ह्ये औषध हाय, जेवान न्हाई," त्या म्हणाल्या. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसता चहा. अंगावरचं लुगडं ढिलं पडायला लागलं. लोणच्याची बरणी मी कपाटात कुलूप लावून ठेवली. एकदा ऑफिसातून लवकर आले तर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मिठाच्या डब्यात बोट बुडवून चाटत होत्या. मी डबा हिसकावला. ज्या बाईनं अकरा वर्षं माझी भाजी मोजली तिच्या हातातून मी मीठ हिसकावलं आणि वर ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?" त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "उपाशी मरन्यापरीस खाऊन मेलेलं काय वाईट." मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "जा, त्वांड धू. तुझी वाटी झाकून ठिवलीया."

त्या दिवसांत मी वेडी झाले होते. खाल्लं तर पाणी अंगात साठतं, नाही खाल्लं तर बाई डोळ्यांसमोर झिजते. बघायला येणारे लोक वेगळेच. पेशंटला बघायला मोकळ्या हातानं जायचं नाही, म्हणून येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. चुलत दीर आले, त्यांनी दोन आणली. आमच्या बुद्धविहारातल्या बायका आल्या, त्यांनी चार आणली. ओट्याखाली शहाळ्यांची रास लागली. शहाळ्याला आत्या नाही म्हणत नसत. तोंडाला चव येते म्हणायच्या. मीही देत राहिले. शहाळ्याचं पाणी मी सव्वा लिटरच्या मापात धरायचे, एवढी मी हुशार.

आणि मग मला ते पाकीट सापडलं. बाजारपेठेतल्या एका दुकानात, खास शेल्फवर. हृदयासाठी उत्तम, कमी सोडियमचं मीठ, चव नेहमीच्या मिठासारखी. लाल बदामाचं चित्र. मला तिथंच रडू आलं. एवढी साधी गोष्ट आपल्याला इतके दिवस कशी सुचली नाही, असं वाटलं. घरी येऊन मुगाची आमटी केली, त्यात ते मीठ घातलं, पहिल्यासारखं, हात न आखडता. आत्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ घातलंस?"

"हे वेगळं मीठ आहे आत्या. हृदयवाल्यांचंच आहे."

"आपल्या डॉक्टरला इचारलंस?"

त्यांनी विचारलं. हे मी लपवणार नाही. आळीत सगळे मला विचारतात, शेवटी काय झालं, आणि मी सांगते वय झालं होतं. पण त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? पाकिटावरच लिहिलंय."

"तू वाचलंस नव्हं, मंग झालं," असं म्हणून त्यांनी भाकरी कुस्करली.

त्या दिवशी त्यांनी आख्खी भाकरी खाल्ली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले, आनंदानं. पुढचे दहा-बारा दिवस आमच्या घरात सण होता. आत्या जेवत होत्या, अंगणात खुर्ची टाकून बसत होत्या, माझी भाजी पुन्हा स्वतः मोजत होत्या. रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात होती. ह्यांना पानशेतकडची भाडी लागली होती, मला ऑफिसात प्रवेशाची गर्दी होती आणि आत्यांची तब्येत तर सुधारलेली. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मीच म्हटलं.

मग एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठता येईना. "पायातलं बळच गेलंय," म्हणाल्या. दुखत काही नव्हतं. मी नाडी बघितली तर दोन ठोक्यांत इतका वेळ जायचा की मला दर वेळी वाटायचं, संपलं. ह्यांनी टेम्पोत गादी टाकली. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बघितली, धावाधाव करून दोन इंजेक्शनं दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना मीठ कुठलं देताय?"

मी पाकिटाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चालतं, कित्येकांना चांगलंही. पण आत्यांच्या थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नव्हतं, त्यांची एक गोळीही ते अंगात धरून ठेवणारी होती आणि शहाळ्यात तेच भरलेलं. ते वाढलं की हृदय मंद होत होत थांबतं. "फाईलमध्ये लिहून दिलं होतं," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

पुण्याला हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या उशाशी बसले होते. घाट उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं काही मागतील. त्यांनी विचारलं, "आज भाजी कुठली करायची व्हती?"

"मेथी," मी म्हटलं.

"निवडून ठिवलीया फडक्यात. कोमेजंल. गेल्या गेल्या कर." मग म्हणाल्या, "वाटी ईसरू नगंस."

मला त्यांना सांगायचं होतं, की आत्या, मी खालचा कागद वाचला. समद्यांचा कागद वाचला आणि तुम्हाला खायला घातला. मी एवढंच म्हटलं, "नाही विसरणार." दुपारच्या आत पुण्याच्या हॉस्पिटलात त्यांनी प्राण सोडला.

घरी परत आल्यावर मी कपाटातून फाईल काढली. शेवटच्या पानावर, सह्यांच्या वर, इंग्रजीत एक ओळ होती. मिठाला पर्याय म्हणून मिळणारी मिठं या रुग्णाला देऊ नयेत. तिच्याखाली शहाळ्याचंही लिहिलेलं होतं. मला इंग्रजी येतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव लोटलं होतं. वेल्ह्याकडून बायका आल्या, आंबवड्याहून माझी आई आली. भंतेजींचं झाल्यावर एकेक जण उठून आत्यांबद्दल चार शब्द बोलला. जिनं एकेकाळी मोजून घालते म्हणून टोमणा मारला होता, ती आळीतली बाई म्हणाली, "सुनेला जपावं तर वाटीवाल्या आत्यांनी, आणि सासूची सेवा करावी तर सुनंदानं." माझ्या पाठीवरून हात फिरवला तिनं. मला तो हात सहन होईना. मी उठून आत गेले.

सगळे गेल्यावर मी ह्यांच्यासमोर ते अर्धं उरलेलं पाकीट ठेवलं आणि फाईलचं शेवटचं पान. जे झालं ते सगळं सांगितलं. आत्यांनी विचारलं होतं, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणतात की हेच एकमेव कारण असेल असं नाही, हृदय थकलेलंच होतं, हे वाक्य मी मुद्दाम सांगितलं नाही. ह्यांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते उठले, पाकीट घेऊन बाहेर गेले आणि ते टाकून रिकाम्या हातानं परत आले. मला वाटलं, आता बोलतील. जे बोलायचं ते बोला, मी मनात म्हणत होते, मारा हवं तर.

ते स्वयंपाकघरात गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी भाजीची जुडी सोडली नव्हती. आत डबे वाजत राहिले, काहीतरी करपल्याचा वास आला. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि माझ्यासमोर वाटी ठेवली. मेथी जाड देठांसकट चिरलेली, अर्धी कच्ची, पण काठापर्यंत भरलेली. वर शीग नव्हती, ती त्यांनी बोटानं सारखी केली होती.

त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवसापासून माझी भाजी हेच मोजतात. बाहेरगावी भाडं असलं तर सकाळी करून झाकून ठेवतात. मिठाबद्दल, आत्यांबद्दल ते माझ्याशी आजवर एक शब्द बोललेले नाहीत. गेल्या महिन्याचा माझा रिपोर्ट सारखाच आला.